पाड्याचे वर्ष आणि शाळेचा डिसेंबर

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांचे वर्ष दोन सत्रांचे असते. पहिले सत्र जूनमध्ये सुरू होऊन दिवाळीच्या सुट्टीला संपते आणि दुसरे सत्र दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळी सुट्टीपर्यंत चालते. या मांडणीत नाताळच्या दीर्घ सुट्टीला जागा नाही. मिशनच्या आणि इंग्रजी माध्यमाच्या अनेक शाळा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बंद होतात, तर जिल्हा परिषदेच्या शाळेला २५ डिसेंबरची एकच सुट्टी मिळते. असे असूनही डिसेंबर महिना या शाळांत सत्रअखेरीइतकाच गजबजलेला असतो, कारण केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धा, बालआनंद मेळावा, स्नेहसंमेलनाची तालीम आणि जयंत्या-पुण्यतिथ्यांचे कार्यक्रम याच महिन्यात दाटीवाटीने येतात. पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत काम करणाऱ्या शिक्षकांच्या अनुभवात या गजबजीला आणखी एक बाजू आहे : तेथील कितीतरी मुलांचे शाळेचे वर्ष डिसेंबरच्या आगेमागे खरोखरच तुटते, आणि ज्या कार्यक्रमांसाठी शाळा सर्वांत जास्त कष्ट घेते ते नेमके मुलांच्या निघून जाण्याच्या काळात येतात.

हे समजून घेण्यासाठी या भागाचे वर्ष कसे चालते ते पाहावे लागते. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात, म्हणजे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार ज्या आदिवासीबहुल प्रदेशांच्या कारभारासाठी वेगळ्या तरतुदी केलेल्या आहेत त्यांत त्यांचा समावेश होतो. तलासरीत दर दहा रहिवाशांपैकी सुमारे नऊ आदिवासी आहेत. त्यांत वारली समाज मोठा आणि त्याच्या सोबतीला कोकणा, धोडी, दुबळा, कातकरी हे समाज. डहाणूच्या किनारपट्टीचे चित्र निराळे आहे : तेथे मांगेला, माच्छी, वाडवळ, भंडारी यांची गावे आणि घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या आहेत. लोहमार्ग आणि महामार्ग ओलांडून पूर्वेकडे वळले की वस्ती पाड्यांची होते. पाडा म्हणजे महसुली गावाच्या हद्दीत विखुरलेली छोटी वस्ती. एका गावाला असे अनेक पाडे असतात, आणि प्राथमिक शाळा बहुधा अशा एखाद्या पाड्याच्या नावानेच ओळखली जाते.

पूर्वेकडच्या या पाड्यांवर भात हे पावसावरचे एकच मुख्य पीक. दिवाळीच्या सुमारास कापणी आटोपते, त्यानंतर झोडणी होते, दाणा घरात येतो आणि गावातले काम संपते. त्यानंतर कुटुंबे बाहेर पडतात. कोणी भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जाते आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत तेथेच राहते. गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून गेलेले बाप तर पावसाळा ओसरतानाच निघालेले असतात. तलासरीच्या सीमेलगतचे स्त्री-पुरुष पहाटेच्या गाडीने उंबरगाव, सरीगाम, वापीच्या कारखान्यांत जाऊन रात्री परततात. १९६० साली दोन राज्ये झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरी महाराष्ट्रात राहिले, परंतु मजुरीची वाट त्या रेषेने अडवली नाही. भट्टीवर जाणारे कुटुंब पुष्कळदा पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल, म्हणजे कामाच्या बदल्यात आगाऊ रक्कम, घेऊन बसलेले असते, त्यामुळे निघण्याचा दिवस त्याच्या हाती राहत नाही. या भूमीत आगाऊ पैशाचा इतिहास कडवट आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या दारी राबणारा लग्नगडी येथलाच, आणि त्याच्या मुक्तीसाठी १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली तलासरीतील झरी गावापासून सुरू झालेला वारल्यांचा लढा गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात सांगितला आहे. वेठ गेली, परंतु उचलीने बांधलेले कुटुंब आजही मुलाच्या शाळेचा दिवस पाहून निघू शकत नाही, ही गोष्ट शिक्षणाचा विचार करणाऱ्याने विसरता कामा नये.

केंद्रस्तरीय स्पर्धांची तयारी दिवाळीनंतर शाळा भरताच सुरू होते. केंद्र म्हणजे आसपासच्या सुमारे दहा-पंधरा शाळांचा गट, त्यावर एक केंद्रप्रमुख. केंद्रात जिंकणारा संघ पुढे बीट, तालुका आणि जिल्हा अशा पायऱ्या चढतो. लंगडी, खो-खो, कबड्डी, धावणे, समूहगीत, वक्तृत्व असे प्रकार असतात, आणि मैदानी खेळांत पाड्यावरची मुले सहसा मागे पडत नाहीत. अनवाणी पायांनी रोज शेताच्या बांधावरून शाळा गाठणाऱ्या मुलाला शंभर मीटर धावण्याचे अप्रूप नसते. अडचण संघाची असते. खो-खोत एका वेळी नऊ खेळाडू मैदानात लागतात, आणि चौथी-पाचवी मिळून वीस-बावीस मुले असलेल्या शाळेत हा संघ आधीच काठावर उभा असतो. पाटीवर कोणी बसायचे, खांब कोणी राखायचा, पाठलागात कोणाचा हात लांब पोहोचतो हे पंधरा दिवसांत पक्के होते, आणि मग एका सकाळी दोन मुले येत नाहीत. चौकशी केली तर कळते की रात्री भट्टीवर नेणारा टेम्पो आला होता. शिक्षकाला संघ नव्याने बांधावा लागतो. उलटही घडते, आणि तेही लक्षात घेण्याजोगे आहे : मुलगा संघात आहे म्हणून आई-बाप त्याला आठ-दहा दिवस आजीपाशी ठेवतात, आणि ते आठ-दहा दिवस सरले तरी मुलगा तेथेच टिकतो. वर्गातल्या धड्यासाठी हे क्वचितच घडते, खेळासाठी घडते, म्हणून स्पर्धेचा सराव हा अभ्यासातून चोरलेला वेळ आहे असे मानणाऱ्या अधिकाऱ्याशी या भागातील अनुभवी शिक्षक सहमत होत नाहीत, आणि त्यांचेच म्हणणे योग्य आहे.

बालआनंद मेळावा हा याच दिवसांतला दुसरा उपक्रम. मुलांनी घरून आणलेल्या किंवा शाळेत तयार केलेल्या वस्तू मांडून विकायच्या आणि खरेदी-विक्रीतून व्यवहार शिकायचा, असे त्याचे स्वरूप असते. शहरी शाळांत या मेळाव्यात भेळ आणि वडापाव यांचीच चलती असते. डहाणू-तलासरीकडे मात्र हिवाळ्याचे रान आणि परस मांडले जाते : आवळे, बोरे, उकडलेले कंद, वालाच्या शेंगा, नागलीची भाकर, किनाऱ्यालगतच्या शाळांत चिकू, आणि महामार्गाकडच्या गावांत कधी कधी थंडीच्या दिवसांत मडक्यात भाजले जाणारे वालपापडीचे उबाडियू. तिसरीतील एखादी मुलगी गोणपाटावर पाच-पाच आवळ्यांचे वाटे लावून बसते. वाटा पाच रुपयांना. कोणी तीन वाटे घेऊन पन्नासची नोट पुढे करतो. फळ्यावर पन्नास वजा पंधरा हे उदाहरण मांडले असता हीच मुलगी हातचा कोठून घ्यायचा या विचारात खडू धरून उभी राहते. येथे ती घेतलेल्या पंधरावर आधी पाचचे नाणे ठेवून वीस म्हणते, मग दहाच्या नोटा एकेक ठेवत तीस, चाळीस, पन्नास अशी पुढे जाते, आणि पस्तीस रुपये बरोबर परत देते. आठवड्याच्या बाजारात आईशेजारी बसून तिने ही रीत उचललेली असते. वजाबाकी पुढे मोजत जाऊनही होते हे तिला ठाऊक आहे, फक्त शाळेने तिला ते कधी विचारलेले नसते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर मुलाच्या प्रगतीची नोंद ठेवण्याच्या पद्धतीत, शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी करायच्या असतात, आणि त्या पुष्कळदा ठरावीक वाक्यांनी भरल्या जातात. मेळाव्याच्या दिवशी वही हातात घेऊन गोणपाटामागे बसलेल्या मुलांकडे पाहणाऱ्या शिक्षकाला गणिताविषयी जे कळते ते चाचणीच्या कागदावरून कळत नाही. दुर्दैवाने त्या दिवशी शिक्षक बहुधा पाहुण्यांच्या सत्कारात आणि छायाचित्रे वरिष्ठांना पाठवण्यात गुंतलेला असतो.

स्नेहसंमेलनाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि तेथे शिक्षकांमध्येही दोन मते आढळतात. अनेक शाळांत चित्रपटगीतांवरचे नाच बसवले जातात. पालकांना ते आवडतात, कपडे भाड्याने मिळतात, ध्वनिफीत तयार असते. दुसरे मत असे की वारली मुलांच्या शाळेत तारपा नाच झालाच पाहिजे. हे दुसरे मत तत्त्वतः बरोबर असले तरी ते अमलात आणताना काय बिघडते हे तालमीच्या ठिकाणी उभे राहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. तारपा हे सुकवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा मेणाने जोडून केलेले लांब वाद्य आहे; वाजवणारा श्वास न तोडता ते वाजवत राहतो, नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरतात, पुढच्याच्या हातात घुंगरांची काठी असते, आणि सूर बदलला की पाऊल बदलते. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा या नाचाचा नियम आहे. शाळेचा रंगमंच मात्र प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या रांगेसाठी बांधलेला असतो. बाके जोडून केलेल्या त्या जागेत वर्तुळ मावत नाही, म्हणून त्याचे अर्धवर्तुळ होते. वादकाला कोपऱ्यात सरकवले जाते, आणि काही ठिकाणी तर त्याच्याऐवजी ध्वनिवर्धकावर मुद्रित तारपा लावला जातो. मुद्रणातला सूर ठरल्या वेळी बदलतो, नाचणाऱ्यांची दमछाक त्याला दिसत नाही, आणि मग मुलांची पावले चुकू लागली की शिक्षक टाळ्या वाजवून आकडे मोजू लागतात. घरच्या अंगणात कोणी न शिकवताच जमणारा नाच शाळेत शिकवूनही बिघडतो, तो असा.

ज्या शाळांनी नाच मंचावरून उतरवून मैदानात आणला त्यांचा अनुभव वेगळा आहे. पाड्यावरचा एखादा तारपावादक, बहुधा शाळेतल्याच कोणा मुलाचा आजोबा, तालमीला बोलावला जातो. तो मोजून घेत नाही. फुंकर घालतो आणि चालू लागतो. दोन-तीन फेऱ्यांत मुले सावरतात, मोठ्या मुली लहानांना कमरेशी ओढून घेतात, आणि वर्गात नाव विचारले तरी खाली पाहणारा मुलगा काठी घेऊन पुढे होतो. तारपा नव्या भाताच्या दिवसांत, कापणी-झोडणीनंतर वाजतो, म्हणजे डिसेंबर हा त्याचा स्वतःचा हंगाम आहे. त्याला शाळेत आणण्यासाठी कोणते निमित्त शोधावे लागत नाही. चित्रकलेविषयीही हेच म्हणता येते. मूळची वारली चित्रे लग्नघरी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने स्त्रिया काढीत असत. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शाळांच्या भिंतींवर आज ही चित्रे सर्वत्र दिसतात, परंतु ती पुष्कळदा बाहेरच्या रंगाऱ्याने काढलेली असतात. संमेलनाच्या आदल्या आठवड्यात पाड्यावरच्या आयांना बोलावून शाळेची एक भिंत सारवून घेतली आणि मुलांना त्यांच्या शेजारी बसवले तर खर्च अगदी थोडा येतो आणि संमेलन तेथूनच सुरू होते.

नाताळ या भागाला परका नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी चर्च ऑफ द ब्रेदरन या अमेरिकी मंडळाने डहाणूत दवाखाना आणि शाळेचे काम सुरू केले, तर तलासरीत जेझुइट धर्मगुरूंची ज्ञानमाता सदन ही संस्था शिक्षणाचे काम करीत आली आहे. मिशनच्या वसतिगृहांत राहणारी मुले नाताळच्या सुट्टीत घरी जातात, आणि निघण्यापूर्वी गव्हाणीचा देखावा उभारण्याची पद्धत आहे. त्यासाठी लागणारा पेंढा नुकत्याच झोडलेल्या भाताचा असतो, हे या प्रदेशातल्या नाताळचे स्वतःचे रूप आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत २४ डिसेंबरला साने गुरुजींची जयंती येते. १८९९ मध्ये पालगडला जन्मलेल्या या शिक्षकाच्या नावाने प्रकाशभाई मोहाडीकरांनी कथामालेची चळवळ सुरू केली, आणि त्या परंपरेत अनेक शाळा हा दिवस गोष्टींचा दिवस म्हणून पाळतात. येथे शिक्षक गोष्ट सांगतो आणि मुले ऐकतात, एवढ्यावर कार्यक्रम संपतो; तो तेथे संपू नये. कणसरी या धान्यदेवतेच्या, भुताखेतांच्या, वाघाच्या गोष्टी पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांकडे आजही आहेत. त्या मुलांच्या बोलीत सांगितल्या गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी मुलांनी त्या प्रमाण मराठीत लिहून पाहिल्या, तर भाषेच्या तासाला याहून चांगले साहित्य शोधूनही मिळणार नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये या सर्व तयारीवर एक निराळेच सावट आले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे छोटे-मोठे धक्के बसू लागले. धुंदलवाडीच्या परिसरात त्यांचे प्रमाण अधिक होते, आणि एका मोठ्या भूकंपाऐवजी महिनोन्‌महिने धक्क्यांची मालिका चालावी अशा या प्रकाराला शास्त्रज्ञ भूकंपसमूह म्हणतात. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला आणि त्या दिवशी घाबरून पळताना पडलेल्या एका दोन वर्षांच्या बालिकेचा मृत्यू झाला. त्या हिवाळ्यात भिंतींना तडे गेलेल्या इमारतींत मुलांना बसवण्याची हिंमत होईना, तेव्हा वर्ग मैदानात, झाडाखाली, तंबूत भरले. कवायतीच्या तासाला शिट्टी वाजताच डोक्यावर दप्तर धरून उघड्यावर धावण्याचा सराव होऊ लागला. भीती खरी होती आणि तिचे कौतुक करण्याचे कारण नाही. परंतु त्या दिवसांत शाळा पाड्याच्या नजरेसमोर आली, येता-जाता थांबणारे पालक वाढले, आणि भिंतीआड काय चालते हे ज्यांनी कधी पाहिले नव्हते त्यांनी मुलांना वाचताना पाहिले, असे शिक्षक सांगतात.

उघड्यावरची शाळा या भूमीला नवी नाही. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या, आणि पुढे १९५७ च्या सुमारास त्यांचे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत का येत नाहीत याचे उत्तर त्यांनी मुलांच्या दिवसात शोधले. मोठ्या मुलीला धाकटे भावंड सांभाळायचे असते, म्हणून शाळेला जोडून पाळणाघर आणि बालवाडी आली. मूल बालवाडीपर्यंत येत नाही, म्हणून बालवाडी त्याच्या अंगणात गेली आणि अंगणवाडी ही कल्पना जन्मली. मुलगा गुरे घेऊन रानात जातो, म्हणून शिक्षक कुरणात गेला, आणि त्या व्यवस्थेला कुरणशाळा हे नाव मिळाले. या सर्व प्रयोगांचा गाभा एकच होता : मुलाच्या कामाची वेळ जी असेल तिच्याशी शाळेने जुळवून घ्यायचे. ताराबाई १९७३ मध्ये आणि अनुताई १९९२ मध्ये गेल्या. अंगणवाडी देशभर पसरली, पण तिच्यामागचा हा विचार ज्या तालुक्यात जन्मला त्याच तालुक्यातील शाळांच्या वेळापत्रकात आज शोधावा लागतो.

दिवसाच्या वेळेविषयी त्यांनी जे केले ते वर्षाच्या वेळेविषयी करणे बाकी आहे. स्थलांतरित मुलांसाठी आज काही सोयी आहेत. हंगामी वसतिगृह ही त्यांपैकी महत्त्वाची : आई-बाप कामावर गेले तरी मूल गावात नातेवाइकांकडे राहते आणि त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची व्यवस्था शाळेमार्फत होते. जे मूल जातेच, त्याला शिक्षण हमी पत्रक द्यायचे असते. त्यात मुलाची इयत्ता आणि प्रगती नोंदलेली असते, जेणेकरून कामाच्या ठिकाणच्या शाळेने त्याला दाखल्यावाचून बसवून घ्यावे. शिक्षक ते नेटाने भरतात. परंतु टेम्पो रात्री येतो आणि पत्रक शाळेच्या कपाटात राहते, असेही घडते. वसतिगृहाची मंजुरी कुटुंबे निघून गेल्यावर आली तर तिचा उपयोग उरत नाही. आणि ज्या संमेलनासाठी, स्पर्धेसाठी, मेळाव्यासाठी मूल थांबले असते, ते डिसेंबरअखेरीला किंवा जानेवारीत ठेवले जातात, कारण पाहुण्यांच्या सोयीच्या तारखा तेव्हा मिळतात.

यात बदल करण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ ने स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश सुनिश्चित करणे आणि शाळांचे शैक्षणिक वेळापत्रक ठरवणे ही दोन्ही कर्तव्ये स्थानिक प्राधिकरणावरच सोपवली आहेत. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे बंधन घातले आहे, आणि पाड्यावरून टेम्पो कधी निघतात हे त्या पालकांइतके कोणालाच ठाऊक नसते. म्हणून पालघर जिल्हा परिषदेने डहाणू आणि तलासरीच्या पूर्वेकडील केंद्रांना क्रीडा स्पर्धा, मेळावा आणि संमेलन दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत घेण्याची मुभा द्यावी, हंगामी वसतिगृहांची मंजुरी ऑक्टोबरमध्येच द्यावी, आणि हमी पत्रक संमेलनाच्याच दिवशी, सर्व पालक समोर असताना, त्यांच्या हातात ठेवावे.